१६ टनी वाघिणीचं किट जोडलं, पण पॉइंटवर आली की उतरतेच

नाशिकरोड_१६.५

नमस्कार मंडळी. मावसभाऊ इंग्लंडहून येताना माझ्यासाठी प्लॅस्टिकची दोन किटं घेऊन आला. दोन्ही एकच, ब्रिटिश रेल्वेची १६ टनी कोळशाची उघडी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, ओओ स्केल म्हणजे १:७६. त्यातली एक जोडून झाली. दिसते झकास, पण चालायला नाटकं करते. सरळ रुळावर ढकलली की जाते. पॉइंटवर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, आली की पुढचं उजवं चाक रुळावर चढतं आणि बाईसाहेब आडव्या. टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबलं तर डगडगते. माझं छोटं शंटिंगचं इंजिन त्याच पॉइंटवरून बिनतक्रार जातं, तयार घेतलेले दोन डबेही जातात.

तर खोट चाकांत आहे की माझ्या जोडणीत? वजन किती घालावं? घरात एअरगनचे शिशाचे छर्रे पडून आहेत, ते तळाला सुताराच्या पांढऱ्या गोंदात बसवले तर चालतील ना?

आणि दुसरं किट अजून पाकिटातच आहे. माझ्या लेआउटचं स्टेशन कसाऱ्यासारखं घाटाच्या पायथ्याचं आहे. ते किट तपकिरी रंगवून, अंगावर म.रे. लिहून भारतीय वाघीण म्हणून खपेल का?

सिकलाइन_काका

वाघीण उतरली की पी-वेवाले, म्हणजे रूळ सांभाळणारे, सी-अँड-डब्ल्यूकडे, म्हणजे आम्हा डबे-वाघिणीवाल्यांकडे बोट दाखवतात आणि आम्ही रुळाकडे. माझी सगळी नोकरी माटुंगा वर्कशॉपात गेली, त्यामुळे सवयीने मी तुझ्या पॉइंटलाच धरलं असतं. पण बाकीचे डबे तिथूनच जातात आणि ही टेबलावर डगडगते हे तू स्वतःच लिहिलंस. म्हणजे केस आमच्या खात्यावर.

पहिलं काम, टेबल विसर. घरातलं कुठलंच टेबल सपाट नसतं. जुन्या आरशाचा तुकडा घे आणि वाघीण त्यावर ठेव. आता साध्या कागदाची पट्टी एकेका चाकाखाली सरकवून बघ. तीन चाकांखाली अडकेल, चौथ्याखालून सुळकन निघेल. त्या चौथ्याखाली पट्ट्या वाढवत जा. एका कागदाची जाडी ०.१ मिमी धर. तीन पट्ट्या मावल्या तर चाक ०.३ मिमी अधांतरी आहे. हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण तुझ्या चाकाची फ्लँजच, म्हणजे रुळाच्या आत उतरणारी कड, मुळी पाऊण-एक मिमीची. तिचा तिसरा हिस्सा तू जोडणीतच गमावलास.

खऱ्या चारचाकी वाघिणीला प्रत्येक अ‍ॅक्सल बॉक्सवर (चाकांचा आस ज्यात फिरतो ती पेटी) पाट्यांची स्प्रिंग असते आणि बॉक्स गाइडमध्ये वरखाली होतो. रूळ कुठे पिळलेला असेल तर चाक त्याच्यामागे खाली उतरतं. तुझ्या किटमध्ये सोलबार (तळाखालची बाजूची लांब पट्टी), स्प्रिंग, अ‍ॅक्सल बॉक्स सगळं एकाच तुकड्यात ओतलेलं, शोभेचं. एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी तुझी वाघीण तीन पायांवर उभी आहे. पॉइंटवर चाकाला आडवा धक्का बसतो, आणि ज्या चाकावर भारच नाही ते चढणारच. आमच्याकडे याला वाय बाय क्यू म्हणतात. आडवा जोर भागिले उभा भार, नादाल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरचा हिशोब, शंभर वर्षांहून जुना. रिकामी चारचाकी भरलेलीपेक्षा जास्त उतरते ती याच हिशोबाने. तुझी तर रिकामीही आणि डगडगतीही.

आता इलाज. जोडलेली वाघीण मोडायची नाही. एका टोकाचा अ‍ॅक्सल आहे तसा पक्का ठेव. दुसऱ्या टोकाच्या दोन्ही अ‍ॅक्सल बॉक्सची भोकं बारीक गोल कानशीने वरखाली लांबट कर, साधारण अर्धा मिमी खेळ मिळेल एवढी. आडवी मोठी करू नकोस, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका चालेल. मग तळाच्या खालच्या अंगाला, बरोबर मधोमध, गाडीच्या लांबीच्या दिशेने पितळी तारेचा तुकडा बसव, असा की त्या टोकाचा भार बॉक्सवर न पडता तारेवरून अ‍ॅक्सलच्या मध्यावर पडेल. आता तो अ‍ॅक्सल तारेवर डावी-उजवीकडे झुलतो. गाडी तीन बिंदूंवर टेकते आणि चारही चाकं रुळाला लागतात. तारेखाली प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या घालत दोन्ही टोकांची उंची सारखी कर. बफरची उंची मोजून बघ, ओओमध्ये ब्रिटिश गाडीला ती १४ मिमीच्या आसपास येते. खऱ्या गाडीला आपल्याकडे रुळापासून ११०५ मिमीच्या वर आणि १०३० च्या खाली बफर गेलेला चालत नाही. मॉडेलवर कोणी रिपोर्ट लिहीत नाही, पण मी मोजतो.

दुसरं किट करशील तेव्हा हे ऑपरेशन लागू नये म्हणून आधीच काळजी घे. बहुतेक जण बाजूच्या भिंती, रिव्हेट, दारं यांत रमतात आणि खालची चौकट घाईत उरकतात. माझं उलट असतं. वाघीण आधी चालली पाहिजे, मग दिसली पाहिजे. तुकडे फ्रेमवरून पिरगाळून तोडू नकोस, कटरने कापून उरलेला दाणा पॉलिश पेपरने घास. तळ आणि एक भिंत गुण्याला लावून काटकोनात चिकटव, ती पक्की झाल्यावर दुसरी. अ‍ॅक्सल बॉक्समध्ये पितळी टोपीसारखं बेअरिंग बसतं, त्याला २ मिमीचं भोक हाताच्या ड्रिलने पाड, मोटरच्या ड्रिलने प्लॅस्टिक वितळतं. अ‍ॅक्सल टोकापासून टोकापर्यंत २६ मिमी असतो. एक सोलबार पक्का कर, दुसरा चिकटवताना चाकं आतच घाल, आणि डिंक ओला असतानाच गाडी आरशावर उभी करून वर वजन ठेव. रात्रभर. सकाळी चाक फुंकरीने फिरलं पाहिजे आणि आडवा खेळ केसभर असला पाहिजे. फिरत नसेल तर बेअरिंग थोडं खोल घे.

प्लॅस्टिकला पातळ द्रव सिमेंट वापर, ब्रशने सांध्यावर टेकवलं की आपोआप आत शिरतं. ट्यूबमधला जाड डिंक या कामाचा नाही. आणि खिडकी उघडी ठेवून बस.

वजनाचं म्हणशील तर इंग्लंडातले मॉडेलवाले एका अ‍ॅक्सलला २५ ग्रॅम धरतात, म्हणजे तुझ्या गाडीला ५०. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेलवाल्यांच्या संघटनेचा एचओसाठीचा (१:८७) नियम म्हणजे एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. तुझी वाघीण ६६ मिमी, तो हिशोब ६५ ग्रॅमवर जातो. ५० ते ६५ मध्ये कुठेही थांब, पण सगळ्या वाघिणींना एकच माप ठेव. रेकमध्ये इंजिनामागे हलकी आणि तिच्यामागे जड गाड्या आल्या की वळणावर हलकी आतल्या बाजूला ओढली जाते.

वजन कुठून आणायचं? टायरवाल्याकडे जा. चाक बॅलन्स करायच्या चिकटपट्टीच्या वजनांचे ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे असतात. तळाखाली दोन सोलबारच्या मध्ये मावतात आणि भार खाली राहतो.

दुसऱ्या किटला म.रे. करायचं मात्र नको. ही गाडी नऊ फूट व्हीलबेसची (दोन आसांमधलं अंतर), साडेसोळा फुटी, टोकाला दार असलेली. कोळसा उतरवताना ब्रिटनमध्ये ती अख्खी गाडीच त्या टोकाला तिरकी करत. अंगावरचा पांढरा तिरका पट्टा त्यासाठीच असतो, तो ज्या टोकाकडे चढतो तिकडे दार. म्हणजे दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब हवेत. किटवाले इथे हमखास चुकतात. आणि तपकिरी रंगाचं म्हणशील तर ब्रिटिश रेल्वेत व्हॅक्यूम ब्रेक नसलेल्या गाड्या करड्या आणि व्हॅक्यूमवाल्या तपकिरी. तपकिरी केलीस तर सिलेंडर आणि व्हॅक्यूम पाइपही लावावा लागेल. करडी कर, इंग्लंडची ती इंग्लंडचीच राहू दे.

कसाऱ्याला शोभायचं असेल तर बॉक्सएनचं, म्हणजे आपल्या उघड्या वाघिणीचं, थ्रीडी छापील किट बघ, एचओमध्ये. खरी गाडी कपलरसकट १०,७१३ मिमी, १:८७ मध्ये १२३ मिमी. मात्र ओओची गाडी एचओच्या शेजारी सातव्या हिश्शाने मोठी दिसते, हे ध्यानात ठेव. आणि आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओत ते सव्वाएकोणीस होतं आणि तुझा रूळ १६.५. ते डोळ्याआड करावं लागतं, मीही करतो.

डर्बीकर

काकांनी सगळं सांगितलंच, दोनच गोष्टी जोडतो.

छर्रे आणि पांढरा गोंद ही जोडी अजिबात नको. पांढऱ्या गोंदातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, ते शिशाला खातं आणि पांढरी भुकटी तयार होते. तिची जागा शिशापेक्षा जास्त, त्यामुळे ती फुगते. इकडच्या मंडळींच्या टँकर वाघिणी आणि इंजिनांचे बॉयलर काही वर्षांनी आतून फुटलेत यामुळे. कपाटात ठेवलेली गाडी बघायला गेलं तर सांधे उकललेले. उघड्या वाघिणीत फुटायला काही नसलं तरी तळ वाकेल, आणि मग पुन्हा आरशावर डगडगेल. छर्रे वापरायचेच तर दोन भागांचं इपॉक्सी वापरा, शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर टायरवाल्याकडे शिशाऐवजी लोखंडी पट्ट्या मागा.

दुसरं, चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर. व्हर्नियर असेल तर मोजा. ओओला १४.५ मिमीच्या आसपास हवं. त्याहून कमी भरलं तर पॉइंटच्या चेक रेलवर (रुळाच्या आतून लावलेली आधाराची पट्टी) चाकाची पाठ घासते आणि गाडी उचलली जाते. किटबरोबर येणारी चाकं अ‍ॅक्सलवर नुसती दाबून बसवलेली असतात, हाताने पिरगाळत सरकतात. दोन्ही चाकं सारखी सरकवा, एकच नको. चाक अ‍ॅक्सलवर वाकडं बसलं असेल तर ते फिरवताना डुलताना दिसेल.

नाशिकरोड_१६.५

बाप रे, एवढं! धन्यवाद काका, धन्यवाद डर्बीकर.

आरसा आणि कागद झाला. मागच्या डाव्या चाकाखाली चार पट्ट्या मावल्या. गंमत म्हणजे उतरत होतं पुढचं उजवं. ते कसं? आणि पाठींमधलं अंतर एका जोडीला १४.५, दुसरीला १४.१. छर्रे परत डब्यात गेले.

सिकलाइन_काका

मागचं डावं आणि पुढचं उजवं हे एकाच कर्णावर. गाडी दुसऱ्या कर्णावर टेकलेली आहे आणि हे दोन कोपरे आळीपाळीने उचलले जातात. आरशावर तू ठेवलीस तेव्हा मागचं अधांतरी राहिलं, पॉइंटवर इंजिनाने ओढली की पुढचं. म्हणून कोणतं चाक उतरलं यापेक्षा कोणता कर्ण हलका हे शोधायचं. तारेचा अ‍ॅक्सल कोणत्याही टोकाला कर, फरक पडत नाही. १४.१ वाली जोडी आधी १४.५ वर आण, डर्बीकर बरोबर बोलतात.

डबेवाली

मी डोंबिवलीची, वाघिणींच्या वाटेला जात नाही, डबेच करते. सध्या आयसीएफचा (चेन्नईच्या डब्यांच्या कारखान्याचा) दुसऱ्या वर्गाचा डबा एचओत चालू आहे, थ्रीडी प्रिंटवाल्याकडून छापून घेतलेलं किट. काकांची तीन बिंदूंची गोष्ट डब्यालाही लागू आहे, फक्त वेगळ्या पद्धतीने, म्हणून लिहिते. एका बोगीला (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला) वळण्याबरोबर बाजूंना झुलायची मुभा द्यायची. दुसरीला वळू आणि पुढेमागे डुलू द्यायचं, पण बाजूंना नाही. एका बोगीच्या स्क्रूखाली एकच लहान वॉशर, दुसरीच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या पट्ट्या टेकवलेल्या. दोन्ही बोग्या झुलत्या ठेवल्या तर डबा दारू प्यायल्यासारखा चालतो.

बॉक्सएनकडे वळण्याआधी नाशिकरोडने वळणांचा विचार करावा. आयसीएफचा डबा घेतलास तर अंग २१,३३७ मिमी, म्हणजे एचओत २४५. बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर १४,७८३, म्हणजे १७०. ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर डब्याचा मध्य जवळपास ८ मिमी आत येतो. त्यात डब्याची अर्धी रुंदी धर आणि मगच फलाटाची कड ठरव. माझ्या पहिल्या लेआउटवर फलाट आधी झाला होता, पुढे काय झालं ते सांगत नाही. बॉक्सएनला ही अडचण नाही, ती आखूड आहे.

नक्षीकामात डब्याचा जीव खिडक्यांच्या आडव्या सळ्यांत असतो. छापून आलेल्या सळ्या जाड येतात. १२ मिमीची सळी एचओत ०.१४ मिमी होते, छपाईला ते झेपत नाही. मी त्या कापून टाकते आणि मासे पकडायच्या बारीक नायलॉन दोऱ्याच्या ताणून बसवते. खिडकीच्या दोन्ही अंगांना आतून एक चिकटपट्टी, त्यावर दोरा, वरून सुपरग्लूचा थेंब. भयंकर किचकट, पण लांबून बघणाऱ्यालाही डबा भारतीय आहे हे लगेच कळतं. रंगाचं म्हणाल तर मी जुना मरून करते, व्हॅक्यूम ब्रेकच्या जमान्यातला. निळा एअरब्रेकवाला मला आवडत नाही, आणि आवडीनिवडीला कारण द्यावं लागत नाही.

नाशिकरोड_१६.५

तार बसवली. गाडी आता आरशावर मुळीच डगडगत नाही, पॉइंटवरून दोन्ही दिशांनी गेली, इंजिनाने ढकलूनही गेली. वजन ५५ ग्रॅम, टायरवाल्याने पैसेही घेतले नाहीत.

आता रंग. काकांचं ऐकून करडी करतोय. पण कोळशाच्या गाडीच्या आतून रंग राहत नसणार ना? नुसता गंज मारायचा का? आणि भरायला इस्त्रीवाल्याकडचा कोळसा चालेल?

एक राहिलं, ब्रेक ब्लॉक चाकापासून बरेच लांब, बाहेरच्या बाजूला लोंबतायत. किटच तसं आहे की मी काही उलटं लावलंय?

सिकलाइन_काका

उलटं काही नाही. ओओची बॉडी पूर्ण मापाची आणि रूळ अरुंद, ४ मिमीला एक फूट धरलं तर तुझा रूळ चार फूट दीड इंचांचा. ब्रिटिश रूळ चार फूट साडेआठ. त्यामुळे सोलबारच्या रेषेत टांगलेला ब्लॉक चाकाच्या बाहेर राहतो. ब्लॉक कापून आतल्या बाजूला एक मिमी प्लॅस्टिकची पट्टी लाव आणि चाकाच्या ट्रेडसमोर (रुळावर टेकणाऱ्या भागासमोर) आण. ब्लॉक आणि चाक यांत कागद जाईल एवढी फट ठेव, चिकटला तर गाडीला कायमचा ब्रेक लागेल. बघणाऱ्याला हे दिसत नाही म्हणतात. मला दिसतं.

आतल्या बाजूबद्दल बरोबर ओळखलंस. लोखंडी कोळशाच्या गाडीत ओला कोळसा, त्यातला गंधक आणि फावडी, रंग आत टिकतच नाही. बाहेर मात्र पत्र्याच्या सांध्यांपासून गंज सुरू होतो, सगळीकडे सारखा नाही. आधी आतबाहेर गंजाचा तपकिरी मार, दोन-तीन छटांचा, एकच डबी नको. सुकला की बाहेरून पाण्याचा हात फिरव आणि जिथे रंग उडालेला दाखवायचा तिथे कुटलेलं मीठ चिमटीने टाक. जाडं मीठ तसंच टाकू नकोस, या मापात ते धोंडे दिसतात. मीठ वाळलं की वरून करडा फवार, ब्रश फिरवलास तर मीठ सुटेल. रंग सुकला की जुन्या टूथब्रशने मीठ घासून काढ. खालचा गंज ठिपक्याठिपक्यांनी उघडा पडतो. खालचा कोट तेलाचा आणि वरचा पाण्याचा असेल तर घासताना खालचा निघत नाही.

नंबराचं स्टिकर पाण्यात सोडून लावायचं असेल तर त्या जागी आधी चकचकीत वॉर्निश मार. मॅट रंगावर लावलंस की खाली हवा अडकते आणि कड चांदीसारखी चमकते. सगळं झाल्यावर मॅट वॉर्निश. नंबराच्या ब्लॉकपुरती जागा स्वच्छ ठेव, गंज त्यावर चढवू नकोस. वर्कशॉपात रंगारी नंबर आणि तारखेची जागा पुसून नव्याने लिहितो, म्हणून ती आजूबाजूपेक्षा उजळ असते.

इस्त्रीवाल्याचा लोणारी कोळसा नको. तो निस्तेज असतो आणि फुटतो तेव्हा काड्या दिसतात. दगडी कोळशाचा एखादा तुकडा मिळव, कापडात गुंडाळून कूट आणि चहाच्या गाळणीतून चाळ. फोमचा तुकडा कापून गाडीत बसव, कडेपासून दोन-तीन मिमी खाली, वर कोळसा पातळ केलेल्या गोंदाने. इथे पांढरा गोंद चालतो, शिसं नाही. फोम मोकळा ठेवलास तर भरलेली गाडी रिकामीही करता येईल.

बॉक्सएन घेशील तेव्हा नंबर मनाने लिहू नकोस. अकरा आकडी असतो. पहिले दोन प्रकाराचे, उघड्या गाड्यांना १० ते २९. पुढचे दोन मालक रेल्वेचे, मध्य ०१, पश्चिम ०८. मग दोन बनावटीच्या वर्षाचे, चार गाडीचे आणि शेवटचा तपासणीचा. तो काढायचा असा: दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आकडा मिळवून तिनाने गुण, उरलेले पाच त्यात मिळव, आणि बेरीज पुढच्या दहाच्या पटीला न्यायला जे लागेल तो अकरावा. समजा १००१९६१२३६ घेतलास. ० १ ६ २ ६ ची बेरीज १५, तिप्पट ४५. १ ० ९ १ ३ चे १४. झाले ५९, म्हणून शेवटी १. पॉइंटवर अडलास की परत लिही.